मंदाताईंचं पुस्तक कोण वाचतं?

मंदाताईंबरोबर नांदेडच्या रस्त्यानं चालायची मला लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो. बाई वाईट नाहीत. पण रस्त्यात पाट्या असतात ना!

एकदा आम्ही दोघं नाक्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला बसलो. भिंतीवर पाटी होती, 'बाहेरील खाद्यपदार्थ आत आणून खाऊ नये'. मंदाताईंनी चष्मा वर केला, पाटी वाचली आणि मालकाला हाक मारली.

"कोणी खाऊ नये?"

"म्हंजे?" मालक म्हणाला.

"'खाऊ नये' असं लिहिलंय तुम्ही. कोणी? वाऱ्यानं?"

मालक माझ्याकडे बघायला लागला. मी बशीत डोकं घालून बसलो. हातातलं बिस्कीट चहात बुडवलं होतं, ते तसंच विरघळून तळाला गेलं. तोवर मंदाताईंनी पर्समधून पेन काढून बिलाच्या मागं लिहून दिलं, 'बाहेरून आणलेलं इथं बसून खाऊ नका.' वर म्हणाल्या, "हे लावा. गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं वाटेल." आता त्या हॉटेलात मी एकटा गेलो तरी मालक विचारतो, "काय साहेब, आज वाऱ्यावाल्या बाई न्हाईत का?"

तर या मंदाताई आमच्या कंपनीत असतात. कंपनी म्हणजे तरोड्याकडं टायरच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, सात-आठ टाळकी आणि एक साहेब. खेड्यापाड्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. शेतकऱ्यानं दूध आणलं की काट्यावर वजन, मशीनवर फॅट, कंप्युटरवर नोंद आणि हातात पावती. हे सगळं कसं चालवायचं याचं एक मराठी पुस्तक आम्ही प्रत्येक केंद्राला देतो. ते पुस्तक शुद्ध करणं हे मंदाताईंचं काम. कंपनीत त्या टायपिंगसाठी आल्या होत्या. दुसऱ्यांनी लिहिलेलं टाइप करता करता त्यांना ते सहन होईना, म्हणून दुरुस्त करायला लागल्या आणि मग तेच काम झालं.

आमचे प्रोग्रामर लिहितात कसं बघा. 'सेव्ह बटनावर क्लिक करण्यात यावे जेणेकरून नोंद सेव्ह झाल्यास पुढील स्क्रीन दिसेल अन्यथा न दिसल्यास प्रक्रिया पुनश्च करण्यात यावी.' हे वाचून मंदाताईंचा चेहरा पोटात दुखल्यासारखा व्हायचा. "अहो, वाक्य दमलंय हो," त्या म्हणायच्या, "त्याला कुठंतरी बसू द्या." मग त्याचं व्हायचं, 'हिरवं बटन दाबा. नोंद झाली की पुढचा पडदा दिसेल. दिसला नाही, तर पुन्हा दाबा.' प्रत्येक वाक्याशेवटी ठसठशीत टिंब. एकदा छापखान्यात एका पानावरचं शेवटचं टिंब राहून गेलं. मंदाताईंनी आलेले सगळे गठ्ठे सोडले आणि एकेका पुस्तकात पेनानं टिंब द्यायला बसल्या. आम्हालाही बसवलं. साहेब आले, बघितलं, केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

बोलणंही तसंच, धुऊन इस्त्री केलेलं. मी अहमदपूरचा, माझ्या तोंडातून 'लई' निघाल्याशिवाय दिवस जात नाही. "लई नाही गजाननराव, फार." मी म्हणायचो, "ताई, तेच काम करायलो." "करायलो नाही. करतो आहे." फोनवर कुणाला 'हाव' म्हटलं की मागून 'हो' असा आवाज यायचाच. समोरचा माणूस विचारायचा, "सर, तुमच्या मागं कोण बोलायलंय?" काय सांगणार, कप्पाळ!

ऑफिसच्या ग्रुपवर तर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणं लोकांनी सोडलं. मंदाताई शुभेच्छा दुरुस्त करून परत टाकायच्या. कहर म्हणजे, आमच्या एका पोरानं ग्रुपवर टाकलं, 'माझ्या काकांचे दुःखद निधन झाले आहे.' खाली मंदाताईंचं उत्तर, 'निधन दुःखदच असतं. तो शब्द नको.' आमच्या सगळ्यांच्या माना खाली. पण संध्याकाळी त्या पोराच्या घरी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन सगळ्यांच्या आधी कोण पोचलं होतं? मंदाताईच. आम्ही गेलो तेव्हा त्या त्याच्या आईला घास भरवत होत्या.

स्वतः मात्र काय खातात कुणास ठाऊक. एकट्याच राहतात, नात्यागोत्याचं कुणी येताना दिसत नाही. डबा आणत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो." आणि पाच वाजले की उठतात म्हणजे उठतात. साहेब अर्ध्या वाक्यात असले तरी पर्स उचलून जिना उतरतात. घरी जाऊन मालिका बघत असतील, असं आमचं ठाम मत होतं.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. ते पुस्तक कुणीच वाचत नव्हतं.

मी केंद्रांवर फिरतो, त्यामुळं मला माहीत. शहरातून छापील पुस्तक आलं की आमची माणसं ते प्लास्टिकच्या पिशवीतून काढतच नाहीत. मळेल ना! काट्याच्या वर खुंटीला अडकवतात. खंडेनवमीला काटा, फॅट मशीन, कंप्युटर या सगळ्यांची पूजा होते, त्यात पुस्तकाचीही होते. पिशवीवरूनच हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. काही ठिकाणी मी सलग तीन आवृत्त्या ओळीनं पूजलेल्या बघितल्या आहेत. मीही पाया पडून आलो. आणि नांदेडला आल्यावर मंदाताई विचारायच्या, "वाचतात का हो पुस्तक?" की मी म्हणायचो, "लई वाचतात, ताई." "फार," त्या म्हणायच्या आणि लगेच पुढच्या पानाला लागायच्या. खरं सांगायचं तर ते पुस्तक मीही कधी धड उघडलेलं नव्हतं.

पुस्तकाच्या मागच्या, बाहेरच्या पानावर त्यांनी हट्टानं स्वतःचा मोबाइल नंबर छापून घेतला होता. 'पुस्तकाविषयी काही सांगायचं असल्यास कळवा.' साहेब हसले होते, "कोण कळवणार आहे?" पण छापू दिला.

यंदा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "गजानन, तुझ्या चाकूर, शिरूर अनंतपाळच्या बाजूनं तक्रारी एकदम कमी झाल्यात. शाब्बास." मी मान हलवून शाबासकी घेतली. तक्रारी का कमी झाल्या हे मलाही कळलेलं नव्हतं, पण शाबासकीला कोण नाही म्हणतं? मग साहेब मुद्द्यावर आले. "पुढच्या वेळी पुस्तक छापायचं का नाही ते ठरवायचंय. सगळे म्हणतात व्हिडिओ करा, आणि मजकूर तर आता मशीनच दुरुस्त करून देतं. तू एकदा चाकूरकडं जाऊन ये आणि मला खरं सांग, कुणी वाचतं का? वाचत नसतील तर बंद करू. मग मंदाताईंचं काय करायचं तेही बघावं लागेल."

दार उघडून बाहेर आलो तर दारातच मंदाताई. सगळं ऐकलेलं.

"मी येते तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "वाचणारी माणसं मला बघायची आहेत."

मी कारणं शोधायला लागलो. म्हटलं, ऊन आहे, एसटीत गर्दी असते, फाट्यावरून चालावं लागतं. "चालते," त्या म्हणाल्या. आता हिला ते हळद-कुंकू दिसणार आणि तेही माझ्या देखत! इतकी वर्षं 'लई वाचतात' म्हणून सांगणारा मीच.

लातूरच्या एसटीत बसलो. "सकाळी काय खाल्लं, ताई?" "चहा झाला." लोहा गेलं, अहमदपूर गेलं, बाई गप्प. समोर 'प्रवाशांनी सुटे पैसे देण्यात यावे' असं लिहिलेलं होतं, तेसुद्धा त्यांनी तसंच जाऊ दिलं. म्हटलं, ही बाई मनातून पार खचलेली दिसते.

चाकूरच्या पुढं फाट्यावर उतरून आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा संध्याकाळचं दूध यायला सुरुवात झाली होती. केंद्र चालवते वंदना. तिशीतली बाई, पदर खोचून काट्यापाशी उभी. "या सर, बसा. पानी घ्या. ह्या कोण बाई?"

"आमच्या ऑफिसातल्या आहेत," मी म्हणालो.

मंदाताईंनी पदर तोंडावर घेऊन नुसती मान हलवली. वंदनानं विचारलं, "चहा टाकू का, बाई?" पुन्हा मान. "साखर?" पुन्हा मान, आणि हातानं 'थोडी' अशी खूण. अख्ख्या नांदेडच्या पाट्यांशी भांडणारी बाई, आणि तोंडातून शब्द नाही!

"बोलत न्हाईत का त्या?" वंदनानं मला हळूच विचारलं.

"घसा बसलाय," मी ठोकून दिलं.

आणि मग व्हायचं तेच झालं. वंदना कौतुकानं म्हणाली, "तुमचं पुस्तक बघा सर, कसं जपून ठिवलंय!" खुंटीवरची पिशवी काढून तिनं मंदाताईंच्याच हातात दिली. करकरीत कोरं पुस्तक. वर हळद-कुंकवाची बोटं, झेंडूची वाळकी पाकळी. पिशवीची गाठसुद्धा आमच्याच छापखान्याची. "हात ओले असतेत ना," वंदना म्हणाली, "म्हून उघडलं न्हाई."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मंदाताईंकडं बघायची हिंमत होईना. शेवटी बघितलं, तर त्या पुस्तकाकडं बघतच नव्हत्या. त्या वंदनाकडं बघत होत्या. तिचे हात, तिच्या कपाळावरचा घाम, तिची पायरीवर बसून अभ्यास करणारी मुलगी. लग्नाला मुलगी बघायला आल्यासारख्या एकटक.

तेवढ्यात काम अडलं. काट्यावर वजन दिसत होतं, पण कंप्युटरवर येईना. कॅन घेऊन माणसं खोळंबली. मी पुढं सरसावलो. वंदना म्हणाली, "थांबा सर, तुम्ही कशाला तरास घेताव. अक्काला लावते."

या भागात घरोघर एक अक्का असते. यापूर्वीही दोन-तीन ठिकाणी 'अक्काला इचारलं, झालं' असं मी ऐकलं होतं. असेल कुणाची तरी शिकलेली नणंद, असं समजून मी कधी चौकशी केली नाही.

वंदनानं फोन लावला, स्पीकरवर टाकून काट्यावर ठेवला. आणि मंदाताईंची पर्स वाजायला लागली.

मी पर्सकडं बघितलं. मंदाताईंनी पर्स छातीशी धरली, जणू रडणारं लेकरूच. चेहरा लालभडक. फोन वाजून वाजून थांबला.

"उचलत न्हाई," वंदना म्हणाली. तिची नजर क्षणभर त्या पर्सकडं गेली. "अशी कधी करत न्हाई ती. बरी हाय का न्हाई कुणास ठाव. एकटीच असती बिचारी." तिनं परत लावला.

मंदाताई तटकन उठल्या. पाणी प्यायची खूण करून बाहेर गेल्या आणि गोठ्याच्या भिंतीआड उभ्या राहिल्या. मी दारात होतो. मला आत वंदना दिसत होती आणि बाहेर भिंतीला टेकलेल्या मंदाताई.

"हाव गं माय, बोल," मंदाताई म्हणाल्या.

देवाशपथ सांगतो, मला चक्कर यायची बाकी होती. हाव! मंदाताई!

"अक्का, वजन येईना बग कंप्युटरवर."

"घाबरू नगं. काट्यावरचं भांडं उचल आधी. उचललंस? आता शून्य कर. लाल नगं दाबू, लालला हातच नगं लावू. हिरवं हाय का समोर? हां, ते दाब. आता जरा दम खा, त्याला बी दम खाऊ दे."

हे सगळं पुस्तकात होतं. मला नंतर कळलं, त्या पान न पान तोंडपाठ सांगत होत्या, फक्त आपल्या बोलीत. आत कंप्युटरवर आकडा आला. रांगेतल्या म्हाताऱ्यानं कॅन पुढं सरकवला.

"आलं अक्का!" वंदना म्हणाली. "जेवलीस का तू?"

"जेवले की."

"खोटं बोलू नगं. काय केलतंस?"

भिंतीआडून मंदाताई म्हणाल्या, "केल्ती की भाकर. अन् पालकाची भाजी." सकाळपासून पोटात नुसता चहा असलेली ही बाई! तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "ठेव आता, माणसं थांबलीत. पोरीला अभ्यासाला बसिव."

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. पाचला उठून या कुठली मालिका बघत होत्या ते कळलं. चाकूर, शिरूर अनंतपाळच्या तक्रारी कुणी कमी केल्या तेही कळलं, आणि साहेबांची शाबासकी गिळून बसलेल्या मला माझीच लाज वाटली. पिशवी कुणी सोडली नव्हती, पण पिशवीतून मागचं पान दिसत होतं. त्यावरचा नंबर सगळ्यांनी बघितला होता.

निघताना वंदनानं एक झाकणाचा डबा माझ्या हातात दिला. "खरवस हाय. म्हस व्यालीय घरची. त्या बोलत न्हाईत त्या बाईंना द्या." मंदाताईंनी तिच्या मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि आम्ही फाट्याकडं चालायला लागलो.

मंदाताई माझ्याकडं न बघता चालत होत्या. मग म्हणाल्या, "गजाननराव, ऑफिसमध्ये सांगू नका."

"काय? पुस्तक कुणी उघडत नाही ते?"

"ते मला पहिल्या आवृत्तीपासून माहीत आहे. फोन करून 'उघडून बघते' म्हणणारी एक भेटली नाही मला." "मी असं बोलते, ते सांगू नका. आमच्या देगलूरकडं घरात असंच बोलायचे. टायपिंगच्या क्लासला नांदेडला आले. पहिल्या दिवशी तोंड उघडलं, अन् अख्खा वर्ग हसला. मास्तरसुद्धा. लाजेनं मेले मी. तेव्हापासून आपलं बोलणं कुलपात घातलं. आता घरी बोलायला कोणी नाही. या पोरींचे फोन येतात तेवढंच बोलते. संध्याकाळ बरी जाते. पुस्तक बंद झालं की नंबर जाईल, व्हिडिओ येतील. म्हटलं, त्याआधी एकदा या वंदनाचं तोंड तरी बघावं."

'लई' म्हटल्यावर हिनं टोकलं की मी मागं तोंड वेंगाडायचो, ते सगळं आठवलं. फाट्यावर एसटीची वाट बघताना साहेबांचाच फोन आला.

"काय रे, वाचतात का पुस्तक?"

"वाचतात, साहेब."

"नक्की?"

"रोज. दोन्ही वेळच्या दुधाला. मोठ्यानं."

"मोठ्यानं?" साहेब चाट पडले. "मग छापू की. त्यात काय!"

"मागचं पान जसंच्या तसं ठेवायचं बघा," मी म्हणालो आणि फोन ठेवला. मंदाताई म्हणाल्या, "खोटं बोललात तुम्ही." मी म्हणालो, "कुठं? वाचणाऱ्या तुम्हीच की." त्यावर त्यांनी काहीच दुरुस्ती केली नाही.

एसटी आली. खिडकीपाशी बसलो, डबा त्यांच्या मांडीवर दिला. अहमदपूरच्या अलीकडं पर्समध्ये फोन वाजला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पुन्हा तसाच लाल चेहरा, आणि फोन वाजू दिला.

"उचला ना, अक्का," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीकडं तोंड करून फोन कानाला लावला. पण वंदनाचा आवाज असा खणखणीत की मलाच काय, पुढच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

"अक्का, बसलीस का नीट? जागा मिळाली का? खरवस आत्ताच खा, उद्यापतूर टिकायचा न्हाई. अन् पुढल्या बारीला अशी मुक्यानं येऊ नगं. जेवायला ये."

मंदाताईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. "हाव," त्या कशाबशा म्हणाल्या. "हाव गं माय."

मग त्यांनी डबा उघडला, आधी मला दिला आणि उरलेला सगळा खाल्ला.